बेवारस फाइल

कारभारणीने एंटरची कळ दाबली आणि बोट असं मागे घेतलं, की जणू त्या कळेखाली विंचू असावा. पडद्यावर अक्षरांचा लोंढा सुटला. आधी पांढरी अक्षरं, मग पिवळी. पिवळी म्हणजे नुसती कुरकुर. घरातल्या कुरकुरीसारखीच, ऐकून सोडून द्यायची. तिने श्वास धरला. लोंढा धावत राहिला, धावत राहिला आणि ऐन शेवटाला येऊन लाल झाला.

बिल्ड, म्हणजे नव्या प्रोग्रामची बांधणी, फसला होता. पुन्हा.

"काय गं?" मागून सासूबाईंनी विचारलं.

"होतंय, आई."

"सकाळपासून होतंयच आहे."

"होतंय म्हटलं ना!"

 सासूबाई पलंगाच्या उशाशी स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांची नजर नवऱ्याच्या डोळ्यांवरून ढळत नव्हती. ढळून चालण्यासारखं नव्हतंच. बाबांच्या शरीरात त्यांचा हुकूम मानणारे भाग आता अगदी मोजके उरले होते. डोळे, पापण्या आणि उजव्या हाताचा अंगठा. बाकीच्या स्नायूंनी एकेक करून राजीनामे दिले, आणि तेही नोटीस न देता, असं ते स्वतःच सांगत. पापण्या एकदा मिटल्या की हो, दोनदा मिटल्या की नाही. आणि अंगठ्याखाली एक बटण, बटणातून निघालेली वायर, वायरीच्या टोकाला हा कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरात पोपट.

पोपट हे त्या प्रोग्रामचं खरं नाव नव्हे. खरं नाव लांबलचक आणि दातांत अडकणारं होतं. कुठल्याशा लांबच्या देशातल्या एका भल्या माणसाने तो लिहून जगाला फुकट देऊन टाकला होता. पडद्यावर अक्षरांच्या ओळी असत आणि उजेडाचा एक पट्टा ओळीवरून ओळीवर फिरे. हवी ती ओळ उजळली की बाबा अंगठा दाबत, मग त्या ओळीतलं हवं ते अक्षर उजळलं की पुन्हा दाबत. असं वाक्य जमलं की पोपट ते मोठ्याने म्हणून दाखवी. कोपऱ्यात घंटीचं चित्र होतं. ते दाबलं की स्वयंपाकघरात घंटी वाजे. म्हणजे बाबांचं बोलणं, हाक मारणं, भांडणं आणि थापा मारणं, सगळं त्या एका पोपटाच्या चोचीत.

त्यातही थापांचा वाटा मोठा. बाबांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. तिथे आपण एकदा शिंकलो आणि त्या धक्क्याने शहरातले सगळे फोन एकाच क्षणी वाजले, वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या भावाभावांनी एकदम रिसीव्हर उचलले आणि कोर्टातले कितीतरी दावे त्या एका शिंकेने मिटले, ही हकिगत त्यांनी तपासायला आलेल्या डॉक्टरांना अंगठ्याने सांगितली होती. सांगून होईतो दुपार उलटली. डॉक्टर बसून राहिले होते.

त्या पोपटाला आज सकाळी कारभारणीने स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरातून काढून टाकलं होतं. नवा बसवायचा म्हणून. आणि नवा बसत नव्हता.

"हे बघ, पुन्हा करतायत," सासूबाई म्हणाल्या. "दोनदा. नाही, नाही म्हणतायत. काय हो, पाठ दुखतेय का?"

दोनदा.

"उशी उंच झाली?"

दोनदा.

"मग नाही नाही काय? कशाला नाही?"

बाबांचे डोळे सासूबाईंवरून सरकले आणि कारभारणीच्या पाठीवर जाऊन थांबले. तिला ते न बघताही कळलं. मानेच्या मागे कुणी गार चमचा टेकवावा तसं झालं.

तिने वळून पाहिलं नाही.

कारभारीण हे नावही बाबांनीच दिलेलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासूबाईंनी तिच्या हातात कपाटाच्या किल्ल्या दिल्या. बाबांनी तिला बाजूला घेतलं आणि घरच्या कॉम्प्युटरचा रूट पासवर्ड कानात सांगितला. "त्या किल्ल्यांनी नुसतं कपाट उघडतं," ते म्हणाले होते. तेव्हा त्यांचा घसा त्यांचाच होता, आणि चांगला खणखणीत होता. "ह्याने सगळं उघडतं आणि सगळं बुडतंसुद्धा. आजपासून तू कारभारीण." मग त्यांनीच तिला लिनक्स शिकवलं, शिकवता शिकवता शंभर थापा मारल्या, आणि त्या शिक्षणावर ती आता घरात बसून एका मोठ्या कचेरीचे सर्व्हर सांभाळत होती. नवरा मालवाहू जहाजावर. तो कधी या समुद्रात, कधी त्या. घरात माणसं तीन, आणि त्या तिघांना जोडणारा हा पोपट.

तिने लाल ओळ पुन्हा वाचली. सकाळच्या अपडेटबरोबर आलेला नवा कंपायलर, प्रोग्रामची बांधणी करणारा गवंडी, एका फाइलवर अडून बसला होता. त्या फाइलला वरच्या बाजूला एक ओळ कमी पडत होती. जुना कंपायलर ती ओळ मनातल्या मनात धरून पुढे जायचा. नवा म्हणत होता, लिहून द्या. इंटरनेटवरच्या एका चर्चेच्या पानावर अगदी हीच अडचण कुणीतरी विचारली होती आणि खाली त्याच माणसाने लिहिलं होतं, सुटली, धन्यवाद. कशी सुटली ते लिहायचं राहून गेलं होतं. अशा माणसांसाठी वेगळा नरक असतो, असं बाबा म्हणत, आणि तिथे सगळ्या दारांवर पाटी असते की दार कसं उघडायचं ते आत लिहिलं आहे.

तिला हसू आलं नाही.  

घाई कसली होती, तर ती नव्या पोपटातल्या पहारेकऱ्याची.

मागच्या आठवड्यात ती चार्जर शोधायला म्हणून सहज या खोलीत आली होती. दुपारची वेळ, बाहेर रस्त्यावर कुणीतरी पत्रा कापत होतं. बाबा झोपलेत असं वाटलं. मग ओठांचा रंग दिसला. लाळ घशात उतरली होती आणि अंगठा बटणावरून घसरून चादरीवर पडला होता. त्यांनी हाक मारायचा प्रयत्न केला असेल. चादर दाबली असेल. चादर कसली वाजते? तिने लाळ ओढायच्या यंत्राची नळी घशात घातली, सासूबाईंनी मान धरली आणि थोड्या वेळाने रंग परत आला. तेव्हापासून कारभारीण घरात चालत नव्हती, ती फक्त डोकावत होती. न्हाणीघरातून निघाली की डोकावायची, भाजी चिरता चिरता सुरी हातात घेऊन डोकावायची. आणि सासूबाईंनी आपली गादी पलंगाशेजारच्या जमिनीवर आणली होती. गादीला पाठ लागत होती एवढंच. झोप नव्हती.

मग त्या लांबच्या भल्या माणसाने पोपटाची नवी आवृत्ती काढली. तिच्यात एक पहारेकरी होता. अंगठा बराच वेळ हलला नाही की पहारेकरी हळूच विचारी, आहात ना? उत्तर आलं नाही तर घरातलं प्रत्येक यंत्र, प्रत्येक फोन बोंब ठोकी. वाचता वाचता कारभारणीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने ते सगळं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंनी दोन्ही हात छातीशी धरले होते. बाबा काही बोलले नव्हते. पण बोलायला त्यांना वेळ लागे, आणि तेवढ्यात कुणीतरी दार वाजवलं होतं.

तिने फाइलमध्ये ती एक ओळ लिहिली. पुन्हा एंटर.

पांढरी. पिवळी. पिवळी. पुन्हा पांढरी. लोंढा शेवटाला आला आणि शांतपणे थांबला. नव्या पोपटाचं पॅकेज तयार.

"झालं!" ती ओरडलीच. "आई, बांधून झालं. आता नुसतं बसवायचं."

"देवा," सासूबाई म्हणाल्या आणि उठल्या. "मग मी ह्यांचं सूप गरम करून आणते. सकाळपासून पोटात काही नाही." दाराशी थांबून त्यांनी बजावलं, "डोळ्यांकडे बघ हं."

"बघते."

तिने बसवायची आज्ञा दिली. रूट पासवर्ड दिला. एंटर.

नकार आला.

नकार अगदी सभ्य भाषेत होता. ह्या पॅकेजला एक फाइल अमुक ठिकाणी ठेवायची आहे. पण त्या ठिकाणी त्या नावाची फाइल आधीच आहे. सबब, काहीही बसवलेलं नाही.

हा पॅकेज सांभाळणारा प्रोग्राम म्हणजे महाखट कारकून असतो. कुठली फाइल कुठल्या पॅकेजची, ह्याची नोंद त्याच्याकडे चोख असते, आणि एकाच्या जागेवर तो दुसऱ्याला बसू देत नाही. शिवाय त्याचा बाणा असा, की बसवीन तर सगळं, नाहीतर काहीच नाही. अर्धवट काम तो करत नाही. त्यामुळे नव्याला अडचण आली तर जुनं जसंच्या तसं जागेवर राहतं आणि कुणाचं काही बिघडत नाही. अर्थात जुनं कुणी घाईघाईने आधीच उपटून टाकलेलं नसेल तर.

बिल्ड पहिल्यांदा फसला तेव्हा तिला वाटलं होतं, जुना पोपटच आडवा येतोय. म्हणून तो काढला. नवं हाताशी येण्याआधी जुनं टाकायचं नसतं, हे शिकून तिला इतकी वर्षं झाली होती की ते ती आता दुसऱ्यांना शिकवायची.

तिने कारकुनाला विचारलं, ही फाइल कुणाची?

कुणाचीच नाही, तो म्हणाला.

बेवारस फाइल. तिने उघडून पाहिली. आत काही नव्हतं. एक अक्षरही नव्हतं. नुसतं नाव, आणि ते नाव होतं पहारेकऱ्याचं.

 जुन्या पोपटात पहारेकरी नव्हताच. मग त्याच्या नावाची फाइल ह्या कॉम्प्युटरात आली कुठून? आणि अशा जागी, जिथे रूटशिवाय कुणाला पाऊल ठेवता येत नाही? नव्या आवृत्तीत काय येणार, कुठल्या नावाने येणार आणि कुठे बसणार, हे आधी वाचून, समजून कुणीतरी नेमकी तीच जागा अडवली होती. रिकाम्या पाटावर रुमाल टाकावा तशी.

कुणीतरी आत आलं होतं.

ती उठली आणि भिंतीतून इंटरनेटची वायर उपटली. प्लग जमिनीवर आपटला. तिच्या कचेरीत असं झालं असतं तर तिने चार लोकांना फोन केले असते आणि कॉफी घेतली असती. पण ह्या कॉम्प्युटरात तर बाबांचा गळा होता. ज्याने हे केलं त्याला काय काय करता येत असेल? मध्येच पोपट बोलायला लागला असता, बाबांच्या त्या सपाट, ओळखीच्या आवाजात, आणि वाक्यं बाबांची नसती, तर? सासूबाईंनी हो हो म्हणत त्याला उत्तरं दिली असती. आतापर्यंत तसं झालं नसेल कशावरून? गेल्या आठवड्यातली कुठली वाक्यं बाबांची होती आणि कुठली नव्हती? ती आठवू लागली, आणि आठवतील ती सगळीच वाक्यं परकी वाटायला लागली.

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. ती दचकली.

मग दुसरा एक आवाज ऐकू आला. टिक. टिक. टिक. बाबांचा अंगठा बटण दाबत होता. बटणापलीकडे आता काही नव्हतं, दाबून काहीच होणार नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी दाबत होते. टिक. टिक.

ती वळली.

बाबा पडद्याकडे बघत होते. पडद्यावर त्या रिकाम्या फाइलचं नाव होतं. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, पण घरात चोर शिरल्याची नव्हे. डबा उघडा सापडलेल्या पोराची असते ना, तशी.

कारभारीण हळूहळू पलंगापाशी आली आणि स्टुलावर बसली.

"बाबा," ती म्हणाली. "ही फाइल तुम्ही ठेवलीत?"

पापण्या मिटल्या. उघडल्या.

"तुम्ही? ह्या अंगठ्याने?"

एकदा. आणि त्यात थोडी ऐट होती.

तिला हसू फुटलं. इतकं, की तोंडावर पदर धरावा लागला. रूट पासवर्ड मुळात त्यांचाच. पोपटातून ते अक्षर अक्षर जमवून कुठेही काहीही लिहू शकत होते. ती पलीकडच्या खोलीत काम करत असताना हा माणूस पडल्या पडल्या नव्या आवृत्तीचा सगळा आराखडा वाचून, नेमक्या जागी पाचर मारून मोकळा झाला होता.

"घाबरवून मारलंत मला. मी वायर काढली भिंतीतून!" तिने डोळे पुसले. "पण का? जुना पोपट जाईल म्हणून?"

दोनदा.

"मी काहीतरी बिघडवून ठेवीन म्हणून?"

पापण्या जरा थांबल्या. मिटल्या. उघडल्या. मग, उशिराने, आणखी एकदा.

"समजलं. तसंही असेल, पण ते कारण नाही. मग नव्याचा आवाज आवडला नाही?"

दोनदा.

"पहारेकरी नको?"

एकदा. हे मिटणं मोठं होतं. पापण्या उघडल्या तेव्हा डोळे सरळ तिच्याकडे होते.

कारभारणीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं. ते काढायचं तिला सुचलं नाही.

"फार मोठ्याने वाजतो म्हणून? आवाज कमी करता येतो, बाबा. मी बघितलंय. अगदी बारीक करता येतो."

दोनदा.

"आईंची झोप मोडेल म्हणून?"

बराच वेळ काही झालं नाही. मग दोनदा.

पुढचा प्रश्न तिच्या तोंडात आला होता आणि ती तो जिभेखाली धरून बसली. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. लाळ ओढायचं यंत्र कोपऱ्यात होतं. त्याची नळी तिने मघाशीच धुऊन टांगली होती आणि तिच्या टोकाशी पाण्याचा थेंब जमत होता. तिला वाटलं, आपण प्रश्न विचारलाच नाही तर उत्तर येणार नाही. ह्या माणसाला आज सकाळपासून कुणी विचारेल तेवढंच बोलता येत होतं, आणि ते तिच्यामुळे.

बाबा वाट बघत होते. दुसरं काय करणार होते?

बाहेरून सासूबाईंच्या चपलांचा आवाज आला, पण तो परत दूर गेला. काहीतरी विसरलं असावं.

"वाजूच नये," ती म्हणाली. स्वतःलाही जेमतेम ऐकू गेलं. "मागच्या आठवड्यासारखं पुन्हा झालं तर. कुणी येऊ नये."

एकदा.

ती उठली आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली, कारण कुठेतरी जायचं होतं आणि खोलीत तेवढीच एक जागा होती.

बेवारस फाइलचं काय करायचं हे तिला पाठ होतं. जगातलं कुठलंही पान उघडा, हेच सांगतील. आधी मालक शोधा; मालक नसेल तर खुशाल तिच्या जागी नवी लिहा. एक छोटासा शब्द जास्त टाकायचा की कारकून कुरकुर न करता पाचर फेकून देतो आणि नव्याला बसवतो. तिने ती आज्ञा टाइप केली. नीट, एकही चूक न करता. आता एंटर दाबलं की झालं. पोपट बोलू लागला असता, पहारेकरी उभा राहिला असता, आणि पुढच्या वेळी ओठांचा रंग बदलायच्या आत ती धावत आली असती, नळी घेऊन. त्याच्या पुढच्या वेळीही. दर वेळी.

मागे टिक वाजलं नाही. अंगठा स्वस्थ होता. तो अंगठा स्वस्थ असला की तिच्या छातीत धडधडायला लागायचं, आणि आताही लागलं. ते धडधडणं थांबावं म्हणून तिला पहारेकरी हवा होता. हे तिला त्या क्षणी फार स्पष्ट दिसलं, आणि दिसल्याचा राग आला.

"तुम्हाला काय," ती पाठमोरी म्हणाली. "पाचर मारून मोकळे. मी काय करायचं?"

ह्याला हो किंवा नाही असं उत्तर नव्हतं. 

तिने आज्ञा पुसली. एकदम पुसता येते, पण तिने एकेक अक्षर मागे घेत पुसली.

मग ती जुन्या गठ्ठ्याकडे वळली. कारकून काहीही बसवलं की त्या पॅकेजची एक प्रत अडगळीत जपून ठेवतो. जुना पोपट तिथे होता. तो तिने परत बसवला. तो लगेच बसला, आणि उघडायला गेल्यावर कोसळला. सकाळच्या अपडेटमध्ये त्याची एक लायब्ररी, म्हणजे तो ज्या फाइलच्या आधाराने चालायचा ती, बदलून गेली होती. पोपट जुनीच मागत होता. तिने तीही अडगळीतून काढली, झटकली, जागेवर ठेवली. आणि शेवटी कारकुनाला बजावून ठेवलं, की ह्या दोघांना यापुढे हात लावायचा नाही, नवं काही आलं तरी. पहारेकऱ्याच्या नावाची ती रिकामी फाइल तिने होती तिथेच राहू दिली.

पडद्यावर अक्षरांच्या ओळी उगवल्या. उजेडाचा पट्टा पहिल्या ओळीवर आला.

टिक.

ती स्टुलावर येऊन बसली आणि वाट पाहू लागली. सकाळपासूनच्या मुक्या तोंडातून पहिलं काय निघतं, ह्याची तिला धास्ती होती. पट्टा उतरत गेला, अंगठा दाबत गेला. बराच वेळ लागला. मग पोपट आपल्या सपाट आवाजात म्हणाला,

"जुना आधी काढतं का कुणी?"

"चुकलं," कारभारीण म्हणाली.  "चुकलं, बाबा."

टिक. टिक. "मी भ्यालो."

"मीसुद्धा."

पट्टा पुन्हा फिरू लागला होता. बाबा आणखी काही जमवत होते. पण तेवढ्यात सासूबाई सुपाची वाटी आणि भरवायची नळी घेऊन आत आल्या, पोपटाचा आवाज ऐकून दारातच थांबल्या, आणि वाटी हातात हिंदकळली.

"बोलले? अगं, बोलले का?"

"बोलले. मला रागावले."

"रागावूच देत!" सासूबाईंनी वाटी ठेवली आणि नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला. चेहरा असा सुटला होता की त्या एकदम तरुण दिसल्या, आणि लगेचच फार थकलेल्या. "बसलं ना सगळं? ते नवीन?"

कारभारणीने बाबांकडे पाहिलं नाही.

"बसलं."

"म्हणजे आता ह्यांना काही झालं तर ते वाजेल."

"हो, आई."

"आतल्या खोलीत ऐकू येईल?"

 तिला नुसतं हो म्हणायचं होतं आणि ते जमेना. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. टिक, टिक, बाबांचा अंगठा घाईघाईने दाबत होता. अर्धवट जमवलेलं त्यांनी पुसून टाकलं होतं. दोघी जणी पडद्याकडे वळल्या.

"पलीकडच्या गल्लीतली कुत्री," पोपट म्हणाला आणि दमल्यासारखा थांबला. मग म्हणाला, "गाव सोडून जातील."

सासूबाई हसल्या. हसता हसता पलंगाचा आधार शोधू लागल्या. "थापाड्या माणूस," त्या म्हणाल्या. त्यांनी सूप भरवलं, सावकाश, नळीतून, एकही थेंब न सांडता. तोंड पुसलं. मग जमिनीवरची गादी गुंडाळली.

"मी जरा आत जाऊन पाठ टेकते गं. पलंगावर." त्या ओशाळल्यासारख्या म्हणाल्या. "आता ते वाजणारच आहे, तर मी कशाला इथे उशाशी? किती दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही."

"झोपा, आई."

"रात्रीही तिकडेच झोपीन म्हणते."

कारभारणीने मान हलवली. गादी काखेत धरून त्या गेल्या. आत पलंग करकरला. त्यानंतर इतक्या लवकर घोरणं ऐकू आलं, की त्या आडव्या होताहोताच झोपल्या असाव्यात.

खोलीत दुपारचं ऊन भिंतीवर सरकत होतं. पडद्यावर पट्टा ओळीवरून ओळीवर उतरत होता, तळाला पोचून पुन्हा वर जात होता. बाबांचा अंगठा बटणावर होता. दाबत नव्हता, नुसता होता. तिला वाटलं, मघाशी पुसून टाकलेलं काय होतं ते विचारावं. विचारलं नाही.

तिने स्टूल पलंगाला अगदी लावून घेतलं.

"मी इथे बसू, बाबा?" तिने विचारलं. "काही करणार नाही. नुसती बसेन."

पट्टा पहिल्या ओळीवर आला, दुसरीवर आला. अंगठा हलला नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या पापण्या मिटल्या.

हो.

ती त्या पापण्या उघडण्याची वाट बघत बसली.